गदर 2: तुमच्या घरी कोण रडलं, कोण उठून गेलं?

कपाशीकाठ
महालक्ष्म्यांसाठी माहेरी आले आहे, दारव्ह्याकडच्या खेड्यात. काल महापूजेचं जेवण झालं, सवाष्णी गेल्या, आंबिलीचे गंज घासून पालथे घातले आणि सगळे समोरच्या खोलीत टेकलो. भावानं टीव्ही लावला तर सनी देओलचा गदर 2 सुरू. बाबा थोडा वेळ बसले आणि उठून ओसरीत गेले. "पहिल्याची सर नाही," एवढंच बोलले. आईनं शेवटपर्यंत पाहिला आणि पदरानं डोळे पुसत राहिली. अकरावीतला भाचा हापशीच्या सीनला हसला तर आई त्याच्यावर कडाडली. आज सकाळच्या चहालाही तोच विषय, दोन्ही बाजू हटायला तयार नाहीत.

मला मात्र पहिला, फाळणीचा गदर आठवत बसला. तो लागला 15 जून 2001 ला, पण ते शहरात. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला यायला दिवाळी उलटली. ते बरंच झालं, जूनमध्ये पेरणी टाकून कोण जाणार होतं? सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची शेतातली पूजा, होऊन गेली होती, पहिल्या वेचणीचे पैसे बायांच्या हातात होते. आजी, आई, काकू, वेचणीच्या बाया, सगळ्या एका मॅटॅडोरमध्ये. आजीच्या लुगड्याला कापसाचे धागे तसेच चिकटलेले, कमरेला पानाची चंची. ते लेकरू आईसाठी रडायला लागलं तशी आजी मोठ्यानं पडद्याशी बोलायला लागली, "आणून दे रे बाप्पा त्याची माय." कोणी हसलं नाही. बायांच्या सगळ्या रांगा हुंदके देत होत्या. आजी लहान असतानाच तिची आई बाळंतपणात गेली होती, हे मला नंतर कधीतरी आईकडून कळलं.

काल दुसऱ्या भागात मला तसं काहीच सापडलं नाही. मला नाही आवडला, स्पष्ट सांगते. पण आईला एवढा का लागला हे समजून घ्यायचं आहे. लिहा तुमचं. पहिला कुठे, कोणासोबत पाहिला आणि दुसरा कोणासोबत. समीक्षण नको, घरातलं सांगा.

बंडीवाला
ताई, हापशीचं जाऊ द्या, चाकाचं बोला न. आमचा बुढा सुतार. बंडीचे चाकं बनवे. दुसऱ्या भागात सनी देओल ते चाक उचलते तो सीन पायला अन् मले म्हणे थांबव. टीव्ही थांबत नाही म्हटलं तं म्हणे मोबाईलवर काढून दे. काढून दिला. मंग डोये बारीक करून आरे मोजत बसला. बाभयीचा तुंबा, आरे, अन् वरतून लोखंडी धाव. धाव चढवाची तं गोवऱ्याचा आर लावून लाल करा लागे, चार जनं चिमट्यानं धरून चाकावर टाकत अन् वरून पानी. लोखंड आवयलं का चाक मानूस मरेपर्यंत हालत नाही. आता साऱ्या बंड्या टायरच्या. त्याले कोणी चाक मागत नाही. बुढा म्हणे पिक्चर एक नंबर. स्टोरी काय होती इचारलं तं म्हणे स्टोरीचं मले नको इचारू, चाक बराबर होतं.

तूरदाळ
बंडीवाला भाऊ, बुढ्याले माझा नमस्कार सांगा 🙏

अकोटचा एकटा
दोन्ही पाहिले. पहिला घरी घेऊन आलो होतो, दुसरा टॉकीजमध्येच सोडून आलो. कान दुखत होते.

सून दर्यापूरची
अधिक महिना होता, विसरलात का सगळे! 11 ऑगस्ट 2023 ला लागला आणि 16 तारखेला अधिक श्रावण संपत होता. नणंद आणि नंदोई धोंड्याच्या जेवणाला आलेले. सासूबाईंनी अनारसे, तांब्याचं ताट, सगळं वाण काढून ठेवलेलं. नंदोई म्हणाले वाण राहू द्या, गदर दाखवा. झालं. सासरे, सासूबाई, पोरं, शेजारची काकू, सगळे गाडीत कोंबून अमरावतीला.

तेव्हाचं एक सांगते. त्या ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली होती. देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला तो, हे नंतर पेपरात आलं. पण आमच्याकडे ते पेपरात यायच्या आधीच सासऱ्यांच्या तोंडावर दिसत होतं. सोयाबीन फुलावर आणि आभाळात ढग नाही. रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन यायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. त्या टॉकीजमध्ये सनी देओल आला आणि माझ्या सासऱ्यांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली! लग्न झाल्यापासून मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. सासूबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणून मला कोणी म्हटलं की दुसरा भाग वाईट, की मी तिथून उठते. वाईट असेल. आमच्या घरात तो चांगलाच आहे.

माहेर वणी
दर्यापूरवाल्या ताई, तुमच्या सासूबाईंना विचारून सांगा ना, अनारसे हसू नयेत म्हणून काय करतात? माझे दर वेळी तुपात टाकले की विरघळतात. जावई येणार आहे हो 😭

सून दर्यापूरची
गूळ जास्त होत असेल. थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून एक तळून बघा, मग बाकीचे. नीट विचारून लिहिते, सध्या वांगी तव्यावर आहेत.

कोरडवाहू पोरगं
मी पहिला खूप उशिरा पाहिला, मोबाईलवर, होस्टेलमध्ये. तरी रडलो. कारण त्यात खलनायक म्हणजे नायकाच्या बायकोचाच बाप होता. अमरीश पुरी. त्याला मुलगीही पाहिजे आणि हट्टही पाहिजे, म्हणजे घरातलंच भांडण दोन देशांवर पसरलेलं. अमरीश पुरी 2005 मध्ये गेले, त्यांची जागा कोणी भरू शकत नाही हे मान्य. पण दुसऱ्या भागातला जनरल नुसता वाईट आहे. त्याच्याशी आपलं काही नातंच नाही, मग तो मेला काय नि जगला काय. आणि सकिनाला, म्हणजे त्या बायकोला, काय दिलं? पहिल्या भागात सगळी गोष्ट तिच्यामुळे चालते. इथे ती दारात उभी आणि रडते, बास. 1947 वरून 1971 वर उडी मारली आणि मधली माणसं गाळून टाकली. पाचशे कोटींच्या वर धंदा झाला म्हणून सिनेमा चांगला होत नाही. मला राग आला, कारण मला तो आवडायला पाहिजे होता.

मूर्तिजापूर लोकल
अरे पण ते पोरगं तेच आहे ना, पहिल्यातलं? जीते? आमच्या माईला तेवढंच कौतुक. "केवढा झाला रे" म्हणत बसली पूर्ण वेळ, जसा काही आमच्या नात्यातला.

कोरडवाहू पोरगं
हो, तोच. उत्कर्ष शर्मा, दिग्दर्शक अनिल शर्मांचा मुलगा. ते मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

ड्रायव्हरची घरधनीण
कोरडवाहू भाऊ, तुम्ही लहान आहात म्हणून समजावून सांगते, रागावू नका. सकिनाला काम नाही म्हणता. सनी देओलचा तारासिंग कोण आहे? ट्रक ड्रायव्हर. दोन्ही भागांत. माझे मिस्टर पण ड्रायव्हर. जिनिंगमधून रुईच्या गठाणी भरून खाली तामिळनाडूकडच्या गिरण्यांना न्यायचे. एक गठाण 170 किलोची, गाडी भरली की पाठीमागून डोंगर चालल्यासारखा दिसतो. तेव्हा मोबाईल नव्हते. गावात एक एसटीडी होता, त्याचा पोरगा पळत यायचा, "काकू, फोन". तो पोरगा नाही आला की मी स्वयंपाक करायची, पोरांना शाळेत पाठवायची, निंदणाला जायची, आणि कान सगळा रस्त्याकडे. एकदा नाहीच आला फोन. घाटात गाडी उलटली होती, पाय मोडला होता, आम्हाला किती दिवस काही पत्ता नाही. सासू म्हणायची मंगळसूत्र सांभाळ, अशुभ बोलू नको. मी काही बोलतच नव्हते.

सिनेमात तारासिंग दारूगोळा पोहोचवायला ट्रक घेऊन जातो आणि बेपत्ता होतो. ती घरी. मला तिच्या डोळ्यांत कुठे काय चाललं आहे ते सगळं दिसत होतं. तुम्हाला दारात उभी बाई दिसली. दारात उभं राहणं हे काम नाही का?

कोरडवाहू पोरगं
काकू, तुम्ही लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला. पण माझं म्हणणं तेच आहे. हे सगळं सिनेमात दाखवायला पाहिजे होतं. तो एसटीडीवाला पोरगा तुम्ही आणलात, दिग्दर्शकानं नाही आणला.

ड्रायव्हरची घरधनीण
हे बरोबर बोललात. आता मिस्टर घरीच असतात, त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणतात ट्रक बरा चालवला पण लोड बांधायला यांना शिकवा लागते.

कपाशीकाठ
काकू, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती नुसती मान हलवत होती.

टॉकीजवाले काका
मी तालुक्याच्या टॉकीजला ऑपरेटर होतो म्हणून लिहितो. मूळ पोस्टमध्ये दिवाळीनंतर आला म्हटलं ते अगदी तसंच होतं. आपला भाग सीपी-बेरार सर्किटमध्ये, म्हणजे सिनेमा वाटपाच्या विभागात, आणि त्याच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला. प्रिंट मोजक्या. आधी अमरावती, अकोला, यवतमाळ अशी मोठी गावं, मग तालुके. रिळांचे पत्र्याचे डबे एसटीच्या टपावरून यायचे, मी स्वतः स्टँडवर उतरवून घ्यायचो. आमच्यापर्यंत येईस्तोवर प्रिंटवर उभ्या रेघा पडलेल्या. एका गाण्याचं अर्धं कडवंच नव्हतं, आधीच्या कोण्या गावात तुटलं असेल आणि जोडताना कापलं असेल. लोक ते कडवं स्वतः म्हणून भरून काढायचे! दोन मशीन, एकावरचं रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका दिसायचा, दुसरं चालू करायचं. हात चुकला तर खाली शिव्या. गदरला नाही चुकू दिला.

मला सिनेमा कधी दिसायचाच नाही. केबिनच्या भोकातून मला माणसं दिसायची. कपाशीकाठ ताई, तुम्ही लिहिलेल्या त्या बायांच्या रांगा मी वरून पाहिल्या आहेत, त्याच गावाला नसतील पण तशाच. लेकराला कडेवर घेऊन उभ्यानं पाहणारी एक बाई मला अजून आठवते, खुर्ची रिकामी होती तरी बसली नाही.

दुसरा भाग लागला तेव्हा आमचं टॉकीज केव्हाच बंद पडून तिथे मंगल कार्यालय झालेलं. नातू यवतमाळला घेऊन गेला. डबे नाहीत, रेघा नाहीत, मुंबईत लागला त्याच दिवशी इथे. पडदा आरशासारखा लखलखीत. सुरुवातीला नाना पाटेकरांचा आवाज आला. पहिल्याला ओम पुरींचा होता, तेही गेले 2017 ला. मला दुसरा आवडला. खुर्चीत बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे कुठेही उठायचं नाही असा सिनेमा मला कोण दाखवतं?

तूरदाळ
नानाचा आवाज आला तेव्हा आमच्या टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. 2015 ला नाम फाउंडेशन काढलं तेव्हापासून इकडच्या शेतकऱ्याला तो आपला माणूस वाटते.

मूर्तिजापूर लोकल
काका, कोणतं टॉकीज? खुर्च्यांमध्ये ढेकूण होते तेच का?

टॉकीजवाले काका
ढेकूण सगळीकडेच होते बेटा.

किराणा अन् कापड
आम्ही सिंधी, पण मराठी शाळेतच शिकलो, म्हणून इथेच लिहितो. वडील सिंधमधल्या शिकारपूरचे, फाळणीत आले तेव्हा लहान होते. मग फिरत फिरत या तालुक्याला. आधी डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन खेड्यापाड्यांत विकायचे, मग दुकान.

2001 ला आम्ही भावांनी हौसेनं त्यांना पहिल्या गदरला नेलं. आमच्या गोष्टीवर सिनेमा आला असं वाटत होतं. सुरुवातीलाच ती रेल्वेगाडी येते, प्रेतांनी भरलेली. वडील उठले. मला वाटलं पाणी प्यायला. नाही आले परत. शोधत गेलो तर भर दुपारी, बाजार नसताना, दुकानाचं शटर उघडून गल्ल्यावर बसलेले. आम्ही काही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसरा भाग नातवंडांनी घरी लावला. मी आधीच जाऊन सांगितलं, दारजी, नका बसू. बसले. पूर्ण पाहिला, वर फरसाण खाल्लं. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाले, "यात गाडी नाही." मारामारी कितीही असू दे, ती खोटी आहे हे त्यांना कळतं. ती गाडी खरी होती. त्यामुळे लोक म्हणतात दुसऱ्या भागात पहिल्याचं दुःख उरलं नाही, ते मला पटतं. पण माझे वडील त्याच कारणानं बसू शकले.

सून दर्यापूरची
दादा, हे वाचून हात थांबले. दारजींना नमस्कार.

मुलचेऱ्याची मास्तरीण
एक वेगळंच सांगू का. आमच्याकडे गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. शेजारच्या काकांना मुलांनी सांगितलं की 1971 वर सिनेमा आहे, तर ते धोतर बदलून, चष्मा पुसून बसले. सगळा लाहोर-लाहोर. मध्यंतरात मला विचारतात, "दीदीमणी, आमची बाजू कधी येते?" मी काय सांगणार! 71 म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे नदी आणि नाव येते. त्यांना सिनेमा वाईट नाही वाटला. त्यांना तो दुसऱ्यांचा वाटला.

कोरडवाहू पोरगं
हाच मुद्दा मॅडम!! हाच!

पुलगावकडची
आजोबा पुलगावच्या दारूगोळा भांडारात कामाला होते. लढाई 3 डिसेंबर 1971 ला सुरू झाली आणि 16 ला ढाक्यात पाकिस्तानचं सैन्य शरण आलं. आजी सांगते, त्या दिवसांत आजोबा कधी यायचे, कधी जायचे पत्ता नसायचा, आले तरी कामाचं अक्षर बोलायचे नाहीत. सिनेमात ट्रक भरून दारूगोळा निघाला तशी आजी पलंगावर ताठ बसली. "हे इथून गेलं होतं," म्हणाली. एवढी खूश.

मग स्फोट सुरू झाले. आजीनं कानावर हात घेतले आणि बंद करा, बंद करा. 31 मे 2016 ची रात्र ज्यांनी आमच्या भागात काढली त्यांना समजेल. भांडाराला आग लागली होती, जवान आणि आग विझवणारे गेले त्यात. रात्री दारं-खिडक्या थरथरत होत्या, कपाटावरचे डबे खाली. आजीला गोधडीत गुंडाळून गाडीवर मधे बसवून बाहेर काढलं होतं. सगळीकडे वाचलं की या सिनेमातले स्फोट खोटे दिसतात. आमच्या घरात कोणालाच तसं वाटलं नाही. अर्धवट राहिला तो राहिलाच.

बोरिंग मिस्त्री
हापशीवर बोलतो, माझा जन्म त्यात गेला. पंचायत समितीच्या पथकात होतो. आपल्या गावातलं बोरिंग म्हणजे बहुतेक इंडिया मार्क 2. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तयार झालेला पंप. सिमेंटचा ओटा, खाली तीन-तीन मीटरचे पाइप आटे पाडून जोडलेले, आत सळया, सगळ्यात खाली सिलिंडर. आतला एक वायसर गेला तरी सगळं वर ओढावं लागते. तिवई, साखळी, पाने, चार गडी. मे महिन्यात दुपारी हे करून पाहा. पाणी आलं की बाया पंपाला हळद-कुंकू लावायच्या, आमच्या हातावर गूळ ठेवायच्या.

पहिल्या गदरमध्ये सनी देओलनं हापशी उपटली, त्यानंतर गावोगाव पोट्टे मला विचारत, मिस्त्री काका, उपटून दाखवा. मी सांगे, तो लहान पंप, उथळ पाण्याचा, आपला येत नाही. ऐकत नव्हते.

दुसऱ्या भागात तो पंपाकडे नुसता बघते आणि सारे लोक पळतात. माझ्या मते साऱ्या पिक्चरमध्ये हेच सगळ्यात भारी. न उपटता काम झालं! कपाशीकाठ ताई, भाचा हसला तं हसू द्या, ते हसण्यासाठीच आहे. आईलाही सांगा.

कपाशीकाठ
सांगितलं काका. आई म्हणते, मिस्त्री म्हणतात तं ठीक आहे.

झाडीपट्टी
मी वडश्याच्या नाटक कंपन्यांत काम करतो. आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा आली, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आली की रात्रभर नाटक. लोक पहाटेपर्यंत थंडीत ब्लँकेट घेऊन बसतात. त्यांना काय पाहिजे? रडायला पाहिजे. शहरातले लोक त्याला भडक म्हणतात. आमच्या झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा जरा लोकांनी वळून पाहिलं.

तर माझा अनुभव. गावात नाटक गाजलं की पुढच्या वर्षी लोक म्हणतात, त्याच्याच पुढचं आणा. आणलं की अर्धे म्हणतात मागचंच बरं होतं. दर वेळी. कारण मागचं पाहताना त्यांना पुढे काय ते माहीत नव्हतं, आणि आता ते रडायची तयारी करून येतात. तयार माणसाला रडवणं फार कठीण. रंगमंचावर उभं राहून मी हे भोगतो. समोरच्या बाया पदर हातात घेऊन बसलेल्या असतात आणि मला घाम फुटतो. म्हणून गदर 2 ला मी नावं ठेवणार नाही. सनी देओल त्या वयात पोराला मिठी मारतो तिथे त्यानं काम चोख केलं. बाकी ढाँ-ढूँ मलाही नको होतं.

तूरदाळ
झाडीपट्टीवाले भाऊ, यंदा आमच्या मामाच्या गावी तुमचंच नाटक आणा लागते. आरमोरीकडे. तारखा कधी मिळतात?

झाडीपट्टी
दिवाळीआधी वडश्याला येऊन बुकिंग करा, उशीर केला तर चांगल्या तारखा जातात.

नाव नको
पहिला बाबांसोबत पाहिला होता, त्यांच्या खांद्यावर बसून, यात्रेत, तंबूत. 2006 ला बाबा गेले. कर्जाचं वर्ष होतं, जास्त लिहीत नाही. दुसऱ्या भागात पोरगं बापाला शोधायला जाते, आणि बाप जिवंत असते. घरी परत येते. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि परत येऊन बसलो. चांगला की वाईट ते मला विचारू नका.

ड्रायव्हरची घरधनीण
बाळा. 🙏 आई कशी आहे तुझी?

नाव नको
बरी आहे काकू. सोबतच आहे. तिनं नाही पाहिला.

बंडीवाला
भाऊ, कुठले तुमी? आमच्याकडे केव्हाही या.

परतवाड्याचा दर्जी
लिहू की नको असं चाललं होतं. पहिल्या गदरला अम्मीला घेऊन गेलो होतो. सकिना तिला आपलीच मुलगी वाटली. घरी येऊन तिनं सगळ्या मोहल्ल्याला गोष्ट सांगितली, आणि सांगताना प्रत्येक वेळी ती गोष्ट थोडी लांबायची. मशीनवर बसलो की मीही ती गाणी म्हणायचो.

दुसऱ्याला मी एकटाच गेलो. सिनेमापेक्षा मागच्या खुर्च्यांचाच आवाज जास्त होता. काही घोषणा देशाच्या होत्या, त्या मीही दिल्या. काही तशा नव्हत्या. माझ्या शेजारी बसलेला मुलगा माझ्याच दुकानातून शाळेचा ड्रेस शिवून नेतो, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला. मध्यंतरात निघून आलो. तो मुलगा दुसऱ्या दिवशी दुकानात आला, काही काम नसताना, चहा पिऊन गेला. अम्मीला मी सांगितलं की तिकीट मिळालं नाही.

किराणा अन् कापड
भाईजान, आमचे दारजी म्हणतात, दोन्ही भाग तुम्ही आमच्याकडे बसून बघा, गाडीचा भाग पळवून. अम्मींनाही आणा. खरंच म्हणतो. परतवाडा काही लांब नाही आम्हाला.

परतवाड्याचा दर्जी
येतो. अम्मी आता फारशी बाहेर पडत नाही, पण तिला विचारतो.

अकोटचा एकटा
मी दोन ओळी लिहून गेलो होतो, पण हे सगळं वाचून परत आलो. सिनेमाबद्दलचं मत माझं तेच आहे. फक्त माझ्यासोबत दोन्ही वेळा कोणी नव्हतं, हे लिहायचं राहिलं.

कपाशीकाठ
आईला शेवटी सरळच विचारलं, तुला एवढं काय आवडलं? भाजी निवडता निवडता म्हणाली, "पयल्यात सारे तुटत होते. याच्यात शेवटी तिघंही घरी येतात, वरून सून पण आणतात. मले आता तेच पाहा वाटते." बाबा ओसरीतून ओरडले, "म्हणूनच तर खोटा आहे." आई म्हणाली, "असू द्या." परत सुरू झालं दोघांचं. भाचा आता मधे पडून दोघांना पहिला भाग दाखवतो म्हणतोय, लाइट गेली नाही तर.

सून दर्यापूरची
माहेर वणी ताई, सासूबाईंना विचारलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग सावलीत वाळवायचे, पण खडखडीत नाही, थोडी ओल राहिली पाहिजे. कुटून चाळून गूळ-तूप घालून गोळे करून डब्यात ठेवायचे. तुपात टाकताना खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. हसलेच तर म्हणतात जावयालाच सांगा, तुम्हाला बघून हसले.

माहेर वणी
😂😂 जावई आले की वर्णन लिहिते. तांदूळ भिजत घातले. आणि हो, माझं राहूनच गेलं, मी दोन्ही भाग पाहिलेत, मला पहिलाच आवडला, पण जावयाला दुसरा आवडतो म्हणून त्याच्यापुढे कोणी काही बोलू नका.